शिकार परवाना, शिकारनोंद आणि बंदूकधारकाचे खासगीपण : अमेरिकेतील नोंदव्यवस्थेची एक चिकित्सा

प्रास्ताविक

आधुनिक राज्यसंस्था नागरिकाला नोंदींच्या द्वारे ओळखते. जन्म, विवाह, जमीन, वाहन, शस्त्र अशा प्रत्येक गोष्टीसाठी एकेक नोंदवही असते आणि प्रत्येक नोंदवहीचा जन्म कोणत्या ना कोणत्या विशिष्ट गरजेतून झालेला असतो. ती गरज विसरली गेली आणि नोंद मात्र उरली, की तिच्या वापराचे नवे मार्ग निघू लागतात. नोंद झालेल्या माणसाच्या खासगीपणाचा प्रश्न उभा राहतो तो या टप्प्यावर. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकार परवाना आणि शिकारीची नोंद ही या प्रक्रियेची बोलकी उदाहरणे होत. त्या देशात दरवर्षी सुमारे दीड कोटी लोक शिकारीचा परवाना घेतात. त्यांपैकी बहुसंख्य बंदूक बाळगतात, असे गृहीत धरले जाते. साहजिकच शिकाऱ्यांची यादी ही बंदूकधारकांची यादी म्हणून वाचली जाण्याची शक्यता निर्माण होते.

या प्रश्नावरील अमेरिकेतील वाद दोन टोकांवर विभागलेला आहे. शासनाच्या ताब्यातील प्रत्येक नोंद जनतेची असल्याने ती खुली असावी, असे एक पक्ष म्हणतो. बंदूकधारकाविषयीची कोणतीही नोंद मुळात असूच नये, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. हे दोन्ही पक्ष बंदुकीपासून विचाराला आरंभ करतात आणि त्यामुळे दोघांचेही लक्ष नोंदीच्या मूळ प्रयोजनावरून ढळते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. नोंद कशासाठी घेतली, त्या कामाला व्यक्तीचे नाव किती काळ आवश्यक आहे आणि नोंद ठेवणाऱ्यावर देखरेख कोणाची, या तीन प्रश्नांच्या कसोटीवर ही व्यवस्था तपासून पाहणे आवश्यक ठरते.

तीन नोंदवह्या आणि असमान संरक्षण

बंदूकधारी शिकाऱ्याची माहिती साधारणपणे तीन ठिकाणी नोंदली जाते. पहिली नोंद बंदूक खरेदीची, दुसरी शिकार परवान्याची आणि तिसरी प्रत्यक्ष मारलेल्या प्राण्याची. या तिन्हींना मिळणारे कायदेशीर संरक्षण मात्र सारखे नाही.

खरेदीच्या नोंदीभोवती कायद्याची तटबंदी सर्वांत भक्कम आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार विक्रेत्याने ग्राहकाचा नमुना अर्ज भरून घेऊन स्वतःच्या दुकानात जतन करावयाचा असतो. १९८६ च्या बंदूकधारक संरक्षण कायद्याने या नोंदी शासकीय केंद्रात एकत्र करण्यास आणि बंदुकांची केंद्रीय नोंदणी उभारण्यास मनाई केली. बंद पडलेल्या दुकानांचे कागद पश्चिम व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील केंद्रात जमा होतात. परंतु त्यांच्या प्रतिमा मालकाच्या नावानुसार शोधता येणार नाहीत अशा रीतीनेच ठेवाव्या लागतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या पार्श्वभूमी तपासणीत ज्यांची खरेदी मंजूर होते, त्यांची ओळख पटविणारी माहिती २४ तासांच्या आत नष्ट करण्याचे बंधन २००४ पासून आहे.

याउलट शिकार परवान्याची व्यवस्था राज्यागणिक बदलते. टेक्सासच्या उद्यान व वन्यजीव संहितेने परवानाधारकांची वैयक्तिक माहिती गोपनीय ठरविली आहे. अन्य काही राज्यांत तीच माहिती सार्वजनिक अभिलेखाच्या अर्जावर मिळू शकते. वाहनचालकांच्या बाबतीत १९९४ मध्ये केंद्रीय पातळीवर खासगीपण संरक्षण कायदा झाला. १९८९ मध्ये एका तरुण अभिनेत्रीचा पत्ता वाहन खात्याच्या नोंदीतून मिळवून तिची हत्या करण्यात आली होती. त्या घटनेची पार्श्वभूमी या कायद्याला होती. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो वैध ठरविला. शिकाऱ्यांच्या नोंदींसाठी असा सर्वव्यापी कायदा नाही. म्हणजेच बंदुकीची नोंद ज्या तटबंदीच्या आत आहे, तिच्या बाहेरच तिची सावली असलेली शिकाऱ्याची नोंद उघडी पडलेली आहे.

परवान्याच्या नोंदीचे प्रयोजन

शिकार परवान्याच्या नोंदीमागे वन्यजीव संवर्धनाचे अर्थकारण आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि दारूगोळा यांवरील उत्पादनशुल्क वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवले. या शुल्काचा दर आज वस्तूनुसार १० किंवा ११ टक्के आहे. ही रक्कम राज्यांत वाटताना निम्मा भाग क्षेत्रफळाच्या आणि निम्मा भाग शुल्क भरलेल्या परवानाधारकांच्या संख्येच्या प्रमाणात विचारात घेतला जातो. त्यामुळे प्रत्येक राज्याला दरवर्षी परवानाधारकांची संख्या प्रमाणित करून द्यावी लागते. परवान्याच्या शुल्कातून आलेला पैसा वन्यजीव खात्याच्या कामाखेरीज अन्यत्र वळविता येत नाही, हीही या कायद्याची अट आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. वाटपाच्या या कामाला लागते ती संख्या; नाव नव्हे. एकाच व्यक्तीची दोनदा गणना होऊ नये आणि परवाना रद्द झालेल्या माणसाने तो पुन्हा घेऊ नये, एवढ्यापुरतेच नाव आवश्यक ठरते. तथापि नोंद एकदा अस्तित्वात आली, की अन्य खात्यांची दृष्टी तिच्याकडे वळते. १९९६ च्या कल्याणकारी योजना सुधारणा कायद्याने आणि त्यावरील १९९७ च्या दुरुस्तीने शिकार व मासेमारीसारख्या मनोरंजनात्मक परवान्यांच्या अर्जावरही सामाजिक सुरक्षा क्रमांक नोंदविणे राज्यांना भाग पाडले. अपत्याच्या पोटगीची थकबाकी वसूल करणे हा त्यामागील हेतू होता. हेतू अनुचित होता असे कोणी म्हणणार नाही. परित्यक्त मातेच्या दृष्टीने तर तो न्याय्यच ठरतो. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की हरणांची गणना आणि निधीचे वाटप यांसाठी निर्माण झालेल्या नोंदवहीत नागरिकाच्या आर्थिक ओळखीची किल्लीच जाऊन बसली.

या किल्लीचे मोल पुढे लक्षात आले. ऑगस्ट २०१६ मध्ये परवाना विक्रीच्या संगणकीय प्रणालीत घुसखोरी झाल्याचे उघड झाल्यावर आयडाहो, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांना ऑनलाइन विक्री थांबवावी लागली. ही प्रणाली शासनाच्या वतीने एक खासगी कंत्राटदार चालवीत होता. वन्यजीव खाते, कंत्राटदार आणि पोटगी वसुली यंत्रणा अशा तिघांच्या सोयीसाठी वाढत गेलेल्या नोंदीचा धोका मात्र एकट्या परवानाधारकाच्या वाट्याला आला.

शिकारनोंद : विज्ञानाची गरज आणि जागेचे रहस्य

तिसरी नोंद प्राण्याची. हरीण, टर्की, अस्वल यांसारखा प्राणी मारल्यावर त्याची नोंदणी करणे अनेक राज्यांत बंधनकारक असते. विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी मारलेले हरीण नोंदणी केंद्रावर प्रत्यक्ष न्यावे लागे. २०१५ पासून ही नोंद दूरध्वनीवरून वा संकेतस्थळावरून करता येते. प्राण्याचे लिंग आणि वय, शिकारीची तारीख, क्षेत्र, जमीन खासगी की सार्वजनिक आणि कोणत्या प्रकारचे शस्त्र वापरले, अशा स्वरूपाची माहिती या नोंदींत विचारली जाते. याच राज्यात २००२ मध्ये रानटी हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग’ हा प्राणघातक रोग आढळला. त्यानंतर हरीण नेमके कोठे मारले गेले, हा प्रश्न रोगाच्या प्रसाराचा माग काढण्यासाठी कळीचा ठरला. तपासलेले हरीण रोगग्रस्त निघाल्यास ते मांस खाऊ नये असे कळविण्यासाठी शिकाऱ्याचा संपर्कही खात्याजवळ असावा लागतो.

म्हणजेच येथे नोंदीचे वैज्ञानिक आणि आरोग्यविषयक प्रयोजन नि:संशय आहे. नोंदच नको, हा दुसऱ्या पक्षाचा आग्रह या ठिकाणी टिकत नाही. परंतु या नोंदीत तीन गोष्टी एकत्र येतात : माणसाचे नाव, जमिनीचे ठिकाण आणि शस्त्राचा प्रकार. शिकार परवानाधारक धनुष्यबाणानेही शिकार करीत असू शकतो; त्यामुळे केवळ परवान्यावरून बंदुकीचे अनुमान काढणे सदोष ठरते. शिकारनोंदीत मात्र ते अनुमान निश्चित माहितीचे रूप घेते. तिन्ही नोंदींत सर्वांत ग्रामीण, साधी आणि दुर्लक्षित असलेली नोंदच खासगीपणाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी असावी, हे या व्यवस्थेतील मोठेच व्यंग आहे.

यावर उपाय अशक्य नाही, हे अमेरिकेच्याच एका योजनेवरून दिसते. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीच्या माहितीसाठी १९९८ पासून राष्ट्रीय पातळीवर राबविण्यात येणाऱ्या योजनेत राज्ये शिकाऱ्यांची नावे व पत्ते केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेला देतात. त्यांतून नमुना निवडून सर्वेक्षण केले जाते आणि काम संपल्यावर नावे व पत्ते नष्ट केले जातात. बदकांची संख्या शिल्लक राहते, माणसाचे नाव राहत नाही. विज्ञानाची गरज आणि व्यक्तीचे खासगीपण यांत अपरिहार्य विरोध असल्याचा समज या साध्या प्रशासकीय प्रथेने खोटा ठरविला आहे.

२०१२ चा नकाशा आणि त्याचे मूल्यमापन

खुलेपणाच्या बाजूने झालेला सर्वांत गाजलेला प्रयोग न्यूयॉर्क राज्यातील आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक येथील शाळेतील हत्याकांडानंतर ‘द जर्नल न्यूज’ या वृत्तपत्राने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या परगण्यांतील पिस्तूल परवानाधारकांची नावे व पत्ते दाखविणारा नकाशा प्रसिद्ध केला. माहिती कायदेशीर मार्गानेच मिळविलेली होती. शेजारच्या पटनम परगण्याने मात्र ती देण्यास नकार दिला. प्रचंड वादानंतर जानेवारी २०१३ मध्ये राज्याच्या नव्या शस्त्रविषयक कायद्याने परवानाधारकाला आपली माहिती उघड न करण्याची मागणी करण्याचा हक्क दिला आणि वृत्तपत्राने नकाशा मागे घेतला.

या नकाशाकडे एक ‘पाठ्य’ म्हणून पाहिल्यास त्यातील तर्कदोष स्पष्ट होतात. पहिला दोष असा, की तो जे दाखविण्याचा आभास निर्माण करतो ते त्यात नाही. परवाना आहे म्हणजे घरात पिस्तूल आहेच असे नाही; आणि शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रायफली व छर्र्याच्या बंदुका या परवान्याच्या कक्षेत येत नसल्याने त्या नकाशावर नव्हत्याच. दुसरा दोष असा, की परवाने देण्यात काही गैरव्यवहार झाला, असे नकाशा सिद्ध करीत नव्हता. ज्यांनी कायद्याचे पालन करून परवाना घेतला त्यांच्याच घरावर त्याने खूण केली. ज्यांनी तो चुकविला ते नकाशाच्या बाहेर सुखरूप राहिले. तिसरी गोष्ट विशेष उद्बोधक आहे. नकाशाने चिडलेल्या काहींनी वृत्तपत्रातील कर्मचाऱ्यांचे घरचे पत्ते प्रसिद्ध केले. ते पत्तेही गुप्त नव्हते. तरीही आपल्याला धोका निर्माण झाला, असे त्या कर्मचाऱ्यांना वाटले आणि ते स्वाभाविकच होते.

विखुरलेली माहिती एकत्र केल्याने तिचे स्वरूप बदलते, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच मान्य केले होते. गुन्ह्यांच्या सुट्या नोंदी ठिकठिकाणच्या कार्यालयांत सार्वजनिक असल्या, तरी त्यांचे संकलन उघड करण्याने खासगीपणाला बाध येतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. हेलन निसेनबॉम यांनी २००४ पासून मांडलेल्या ‘संदर्भीय अखंडता’ या संकल्पनेने याच विचाराला तात्त्विक आधार दिला. माहिती गुप्त आहे की उघड, एवढा प्रश्न पुरेसा नसतो. ती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाच्या रूढ मर्यादा प्रवाहित होताना पाळल्या गेल्या की नाहीत, हे महत्त्वाचे असते. शिकाऱ्याने वनरक्षकाला सांगितलेला पत्ता चोराला, विक्रेत्याला वा पक्षप्रचारकाला सांगितलेला नसतो.

गोपनीयतेच्या पक्षातील उणिवा

तथापि नकाशा चुकीचा होता, एवढ्यावरून संपूर्ण गोपनीयता योग्य ठरत नाही. परवाना हा शासनाने दिलेला अधिकार आहे आणि अधिकार देणारा अधिकारी उत्तरदायी असावयास हवा. न्यूयॉर्क शहर पोलिसांच्या परवाना विभागात बंदुकीच्या परवान्यांसाठी लाच घेतली जात असल्याचे प्रकरण २०१६ पासून उघडकीस आले आणि त्यात पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या. अशा प्रकरणी केवळ एकूण संख्या प्रसिद्ध करून भागत नाही. परवाना कोणाला, किती दिवसांत, कोणाच्या शिफारशीने मिळाला हे कोणीतरी तपासावेच लागते. नावे पूर्णतः झाकली गेली, तर भ्रष्ट अधिकाऱ्यालाच कवच मिळते. खासगीपणाच्या समर्थकांनी या आक्षेपाला समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. बंदूकधारकांच्या खासगीपणाची चळवळ शासनाविषयी जेवढी सावध, तेवढी बाजाराविषयी नाही. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार, बंदूक उत्पादकांनी हमीपत्रांवर ग्राहकांनी भरून दिलेली वैयक्तिक माहिती अनेक वर्षे आपल्या व्यापारी संघटनेला पुरविली आणि तिचा उपयोग निवडणूक प्रचारासाठी करण्यात आला. ही माहिती ग्राहकांच्या संमतीविना दिली गेल्याचा त्या वृत्ताचा आरोप होता. जी यादी करण्यास कायद्याने केंद्र शासनाला मज्जाव केला, तशीच यादी खुद्द उद्योगाच्या हाती असावी, हा विरोधाभास बोलका आहे. केवळ शासनाविरुद्ध मिळणारे खासगीपण अर्धेच असते.

तिसरा धोका नोंद ठेवणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याने शस्त्रविषयक आकडेवारीचे संकेतस्थळ सुरू केले. आकडेवारीबरोबरच छुपे शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १,९२,००० व्यक्तींची वैयक्तिक माहिती त्यातून उघडी पडली. हे हेतुपुरस्सर घडले नसल्याचा निष्कर्ष त्याच वर्षीच्या स्वतंत्र चौकशीत निघाला. परंतु प्रशिक्षण व देखरेख यांतील उणिवाही समोर आल्या. संख्या जाहीर करण्याचा योग्य हेतूसुद्धा संख्या आणि नाव एकाच कपाटात ठेवल्यास कसा अंगावर येतो, याचा हा धडा होय.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडील परवान्यावरची शिकार संपुष्टात आली. तरीही शस्त्र कायदा, १९५९ अन्वये दिलेल्या परवान्यांची नोंद आज राष्ट्रीय संगणकीय संचयात होते, आणि पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराला वा रोहीला मारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे नाव, शेत आणि बंदूक यांचा संयोग येथेही शक्य आहे.

आपल्याकडे सातबाराचा उतारा कोणालाही पाहता येतो, मतदार यादी प्रसिद्ध होते. मग शस्त्रपरवान्याची यादी का नको, असा प्रश्न विचारता येईल. उत्तर प्रयोजनात आहे. जमिनीची मालकी उघड असणे हेच सातबाराचे काम आहे. ती लपली तर खरेदीदार फसेल. मतदार यादी उघड नसेल तर बोगस नावे पकडता येणार नाहीत. परवानाधारकाचा पत्ता उघड झाल्याने मात्र परवान्याचे प्रयोजन अधिक चांगले साधत नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) ने हा विवेक सांभाळला होता. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येत असे, परंतु व्यापक जनहित असेल तर ती देण्याची तरतूद त्याच कलमात होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविल्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याने या कलमातील तोलून पाहण्याची अट काढून सरसकट वैयक्तिक माहितीलाच सूट देण्याची दुरुस्ती केली. कलम ८(२) मधील जनहिताची सर्वसाधारण तरतूद शिल्लक आहे, हे खरे; पण झुकते माप कोणत्या दिशेने गेले ते स्पष्ट आहे. अमेरिकेतील उदाहरण येथे सावधगिरीचा इशारा देते : नागरिकाच्या नावाने घेतलेले खासगीपण अधिकाऱ्याच्या कामी येऊ शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. शिकार परवाना आणि शिकारनोंद यांना बंदुकीच्या वादाचे उपांग मानणे सदोष आहे. त्यांचे मूल्यमापन त्यांच्या संवर्धनविषयक प्रयोजनावरून व्हावयास हवे.

२. जेथे संख्या पुरते तेथे नाव ठेवू नये. जेथे नाव काही काळ लागते तेथे काम संपताच ते नष्ट करावे. स्थलांतरित पक्ष्यांच्या सर्वेक्षणाने ही पद्धत व्यवहार्य असल्याचे दाखविले आहे.

३. एका प्रयोजनासाठी घेतलेली नोंद दुसऱ्या प्रयोजनाला जोडताना, ते प्रयोजन पोटगीइतके न्याय्य असले तरी, वाढणाऱ्या धोक्याचा स्वतंत्र विचार करणे कायदेमंडळाचे कर्तव्य ठरते.

४. परवाना देणाऱ्याच्या निर्णयावर देखरेख ठेवण्यासाठी नावांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग लेखापरीक्षक, न्यायालय आणि बंधनांच्या अधीन राहून संशोधक यांना खुला असावा. सर्वांसाठी नकाशा आणि कोणासाठीच काही नाही, या दोहोंच्या मध्ये पुष्कळ जागा आहे.

५. शासनावरील मर्यादा बाजारालाही लागू झाल्याखेरीज खासगीपणाचे संरक्षण पूर्ण होत नाही.

शिकाऱ्याने रानातून परतल्यावर जी माहिती दिली ती हरणांच्या कळपाविषयी होती. ती कळपाच्या भल्यासाठी वापरली जाईल, या विश्वासावर दिली होती. हा विश्वास तुटला तर शिकारी खोटी नोंद करील किंवा नोंदच करणार नाही. आणि मग रोग कोठे पसरतो आहे हे खात्याला कळणार नाही. खासगीपणाचे रक्षण हे या अर्थाने केवळ व्यक्तीवरील उपकार नव्हे. नोंद खरी राहण्याची ती पूर्वअट आहे.